खुलासा करावा

प्रभाकर,

काल सकाळी अकरा वाजता विजय नगरच्या दवाखान्यात तुझं नाव पुकारलं गेलं, आणि मी उभा राहिलो.

तुला जाऊन काल एकोणीस दिवस झाले. परवा माझ्या मोबाइलवर मेसेज आला, 'श्री. प्रभाकर गद्रे, आपली उद्याची तपासणीची वेळ सकाळी अकरा. कृपया दहा मिनिटे आधी यावे.' मी तो चार वेळा वाचला. काल इस्त्रीचा शर्ट घातला आणि बरोबर दहा मिनिटं आधी जाऊन बसलो. का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. यादीत नाव आहे तर तो माणूस आला की नाही याची नोंद झालीच पाहिजे, हे आपण आयुष्यभर लोकांना सांगत आलो. तू येणार नव्हतास. मग कुणीतरी जायला हवं होतं.

काउंटरवर नेहा मॅडम होत्या. त्यांनी खाली बघतच नाव घेतलं, "प्रभाकर गद्रेजी!" कुणी हललं नाही. "प्रभाकरजी? हैं क्या?" माझे गुडघे आपोआप सरळ झाले. शेजारच्या बाईंनी मला वाट द्यायला पिशवी बाजूला घेतली. मी दोन पावलं चाललोसुद्धा. मग नेहा मॅडमनी मान वर केली.

"अरे, विनायक सर, आप? मैंने तो... गद्रे सर तो..."

त्यांच्या पडद्यावर तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे रुग्ण आलेला आहे, बसलेला आहे. मी विचारलं, हा कुणी लावला? त्या म्हणाल्या, "मैंने नहीं लगाया सर. सुबह से ऐसा ही है."

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी मागितल्या आहेत. जन्म, शिक्षण, नोकरी, छंद. ते कुणीही लिहील. मला त्या हिरव्या ठिपक्याबद्दल लिहायचं आहे, कारण ज्या नावापुढे तो होता ते नाव त्या यादीत कसं आलं हे मला एकट्याला माहीत आहे. निदान परवा-परवापर्यंत मी तसं समजत होतो.

आपल्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये आपण दोघांनी एकतीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून काढली. डॉक्टर आजाराचं नाव लिहायचा, आपण जाडजूड पुस्तकातून त्याचा कोड काढून लिहायचो. साऱ्या जगात त्या आजाराला तोच कोड. बाहेरच्यांना ते कारकुनी काम वाटायचं. तुला तसं कधी वाटलं नाही. तू इंदुरी थाटात म्हणायचास, "भिया, माणूस घरी जातो, नाहीतर वर जातो. इथं राहतो तो कोड. तो तरी खरा पाहिजे."

डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही, किंवा हाड डावं मोडलं की उजवं हे लिहिलेलं नसलं, की तू त्या कागदावर पिवळी चिठ्ठी लावायचास. चिठ्ठीवर दोनच शब्द, 'खुलासा करावा', आणि खाली तारीख. चिठ्ठीत उत्तर सुचवायचं नाही हा तुझा नेम होता. 'डावं ना?' असं विचारलं की घाईतला डॉक्टर हो म्हणून मोकळा होतो, मग हाड कुठलंही असो. आणि खुलासा तोंडी चालत नाही. लेखी पाहिजे, खाली सही पाहिजे. आपले हाडांचे सर्जन एकदा व्हरांड्यातूनच ओरडले होते, "अरे गद्रे, राइट है, राइट!" तू जागेवरून म्हणालास, "सर, राइट है तो राइट कर दीजिए." ते परत आले, शिव्या देत सही करून गेले. दिवाळीला मात्र तुला मिठाई त्यांच्याकडूनच यायची.

आपण रिटायर झालो आणि काही वर्षांनी कोडांची नवी आवृत्ती आली. मोठ्या इस्पितळांनी माणसं नेमली. छोटे दवाखाने गोंधळले. त्यांना शिकवायला तुझ्या स्कूटरवरून आपण शहरभर हिंडलो, दोन म्हातारे, मागच्याच्या मांडीवर फाइलींची पिशवी. नव्या यादीत ओ आणि आय ही दोन अक्षरंच नाहीत, शून्याशी आणि एकाशी घोटाळा होतो म्हणून काढलेली. पहिल्याच दिवशी तू एका मराठी डॉक्टरांना हात जोडून सांगितलंस, "साहेब, ही बिनआयीची यादी आहे. जरा सांभाळून घ्या." ते इतके हसले की चहा सांडला. महूला ते लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर, ज्यांनी जन्मभर निदानाच्या जागी नुसतं 'फीवर' लिहिलं, त्यांना तू म्हणालास, "सर, फीवर तो दरवाज़े की घंटी है. आया कौन है, ये लिखिए." त्यांनी तुला सलाम ठोकला होता. मी मागे उभा राहून पिशवी सांभाळत होतो आणि मला तुझा हेवा वाटत होता. हेही कधी बोललो नाही.

शिकवायला एक खोटा रुग्ण हवा होता. मी म्हटलं, रामलाल असं काहीतरी नाव देऊ.

"खोटं नाव दिलं की लोक खोटंच शिकतात," तू म्हणालास. "माझं घाल."

"बरोबर आहे. नमुना तर तू आहेसच."

त्या शब्दावर आपण किती हसलो होतो, प्रभाकर. पुढे कुठल्याही दवाखान्यात शिरताना तू म्हणायचास, "चला, नमुना आला."

नमुन्याची पाच पानं मी लिहिली. जन्मतारीख तुझी, पत्ता तुझा. मोबाइल नंबर मात्र माझा, कारण तू म्हणालास, "रोज मेसेज येत राहतील, कोण वाचणार? तुझा दे, तुला वाचायची हौस." पहिल्या पानावर शुगर, आणि ठरावीक दिवसांनी फेरतपासणी. दुसऱ्यावर बीपी. तिसऱ्यावर बाथरूममध्ये घसरून डाव्या मनगटाचं हाड मोडलेलं, कारण नव्या पद्धतीत डावं-उजवं वेगळं जोडावं लागतं आणि तिथेच सगळे चुकतात. चौथ्या पानावर एक्स-रे, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली. पाचव्यावर मृत्यू.

पाचव्या पानावरून आपलं भांडण झालं. मी म्हटलं, जिवंत माणसाच्या नावावर हे पान नको. तू ऐकलं नाहीस. "सर्टिफिकेटवर सगळे डॉक्टर एकच लिहितात, हृदयक्रिया बंद पडली. अरे, ती तर सगळ्यांचीच पडते! ते काय कारण झालं? कशामुळे, ते विचारायला शिकवायचं आहे. लिही तू. लिहिल्यानं कोणी मरत असतं, तर इंदूर कधीच रिकामं झालं असतं."

मी लिहिलं.

विजय नगरच्या दवाखान्यात सरावासाठीची वेगळी यादी त्या दिवशी उघडत नव्हती. मी म्हटलं, खऱ्या यादीतच टाकू, मागाहून काढता येईल. तू म्हणालास, मग निदान नावापुढे 'नमुना' लिही. मी तुझंच वाक्य तुला ऐकवलं, खोटं नाव दिलं की लोक खोटंच शिकतात. तू हसून हात वर केलेस. इतक्या वर्षांत वादात मी तुला हरवलं ते त्या एकदाच. नेहा मॅडमकडून पहिली तीन पानं भरून घेतली आणि चौथं पान त्यांना गृहपाठ म्हणून दिलं. दवाखाना बरा होता, म्हणून तू तुझी स्वतःची खरी फाइलही तिथेच उघडलीस. एका नावाची, एका जन्मतारखेची दोन माणसं त्या यादीत एकाखाली एक उभी राहिली. आपण रेकॉर्डची माणसं. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर तू त्याला दिवसभर सोडला नसतास.

दोन महिन्यांनी दुपारी तुझा फोन आला.

"भिया," तू म्हणालास, "पान तीन."

"काय?"

"बाथरूममध्ये घसरलो. मनगट. कोणतं ते तू सांग."

तू इस्पितळातूनच खो-खो हसत होतास. मागे सुमनवहिनी तुझ्यावर ओरडत होत्या. शुगर आणि बीपी आपल्या वयात सगळ्यांनाच असतं, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण तू डावखुरा. त्या हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर तुझं अक्षर कायमचं उजवीकडे झुकलं, आणि ते झुकलेलं अक्षर पाहिलं की मला माझं तिसरं पान आठवायचं. तू चार लोकांत सांगायचास, "हा लिहितो आणि मला होतं. चौथं पान वाचून ठेवलंय मी." लोक हसायचे. मी घरी आलो आणि माझ्या फाइलमधून चौथं आणि पाचवं पान काढून फाडून टाकलं. नेहा मॅडमना गृहपाठ रद्द झाल्याचं सांगायचं मात्र राहून गेलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

श्रावण सुरू झाला होता. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मोबाइलवर मेसेज आला, 'श्री. प्रभाकर गद्रे, आपला एक्स-रे रिपोर्ट तयार आहे.' खाली दाबून उघडायची जागा होती. मी उघडलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली. इंग्रजीत होतं, पण वाक्य माझं होतं. शब्दाला शब्द माझं. मला वाटलं, नेहा मॅडमनी गृहपाठ केला. ते पान तुझ्या नावावर मला एक मिनिटही नको होतं. ओले कपडे तसेच बादलीत टाकून मी फोन लावला.

"मॅडम, प्रभाकरच्या नावावर एक्स-रे चढला आहे. तो आत्ताच्या आत्ता काढा."

"जी सर. कारण क्या लिखूँ?"

"नमुना. लिहा, नमुना आहे."

त्यांनी काढला. त्यांना वाटलं दुसऱ्या कुणी सराव केला असेल. मला इतकं हलकं वाटलं, प्रभाकर, की मी राहिलेले कपडे गुणगुणत वाळत घातले. मला वाटलं, मी तुला वाचवलं.

चार महिन्यांनी आपण राजवाड्यापाशी नेहमीच्या बाकावर पोहे खात बसलो होतो. तू खोकत होतास. मी म्हटलं, हा खोकला फार दिवस झाले.

"अरे, दाखवला ना. श्रावणात एक्स-रेपण काढला, विजय नगरला. आता फिल्म देत नाहीत, मेसेज येतो. नाही आला. म्हणजे सब बढ़िया."

समोरून रिक्षा जात होत्या, कुणीतरी पोह्यांवर जिरावन मसाला जास्त मागत होतं, आणि मला सगळं एकदम कळलं. काउंटरवर कुणीतरी तुझं नाव शोधलं असेल, वरचा प्रभाकर निवडला असेल. वरचा नमुना होता. मेसेज आला होता. तो माझ्याकडे आला होता.

हेच वाक्य बोलायचं होतं. मेसेज आला होता, माझ्याकडे. एवढंच.

मी म्हटलं, "परत एकदा काढ ना एक्स-रे."

"कायको? काही असतं तर कळवलं असतं त्यांनी."

"काढ रे."

"तू कधीपासून डॉक्टर झालास?" तू माझ्या पानातली शेव उचलून खाल्लीस. "हौशी लेखक आहेस तू. तेवढंच राहा."

त्यानंतर मी रोज तुझ्या मागे लागलो. तू चिडायचास. कारण सांगितलं असतं तर त्याच दिवशी गेला असतास, हे मला ठाऊक होतं. मी स्वतःला सांगत होतो, कदाचित तो खरंच गृहपाठ असेल. नेहा मॅडमना विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. असे आणखी तीन महिने गेले. मग तुला थुंकीत रक्त दिसलं आणि तू मोठ्या इस्पितळात गेलास.

श्रावणातली चूक माझ्या बोटाची होती. ती मी भीतीपोटी केली, प्रेमापोटी केली, असं म्हणून कदाचित मी झोपू शकलो असतो. पण ते तीन महिने जिभेचे आहेत. त्यांना कुठलंच चांगलं नाव मला सापडत नाही.

डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिने आधी आला असतात तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. मी खोलीत होतो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी तेव्हा मनातल्या मनात त्याबद्दल तुझे आभार मानले.

पुढचे पाच महिने मी रोज आलो. तू मला शब्दकोडं वाचून दाखवायला लावायचास आणि माझी उत्तरं चुकली की खुशीत यायचास. माझ्या हातचा भात खाताना म्हणायचास, "यार, हा भात आहे की प्लॅस्टर?" तुझ्या जाण्याच्या काळात तू मला इतकं हसवलंस की काही दिवस मी विसरूनच जायचो, मी काय केलं आहे ते. एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. मी धीर केला. खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "प्रभाकर, मला तुला एक सांगायचं आहे."

तू डावा हात उचललास. "तोंडी नको, विनायक."

औषधांनी तुझं तोंड सोललं होतं, बोलायला त्रास व्हायचा. मला वाटलं, तू त्याबद्दल म्हणतो आहेस. मी पाणी दिलं. खुर्ची मागे घेतली.

तू गेलास त्या दिवशी डॉक्टर बाईंनी सर्टिफिकेट भरलं आणि मी खिडकीपाशी उभा राहून वाचलं. हृदय व श्वसनक्रिया बंद. तेवढंच. माझ्या मागून कुणीतरी स्पष्ट विचारलं, "कशामुळे?" मी वळलो. मागे भिंत होती. डॉक्टर बाई माझ्याकडे बघत होत्या, तेव्हा कळलं की बोललो मीच होतो. त्यांनी कागद परत घेतला, खालची ओळ भरली. मी उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, "अंकलजी, और कुछ?" त्याच्याही खाली एक ओळ रिकामी होती. मी नाही म्हटलं.

तेराव्याला वहिनींनी मला तुझी निळी फाइल दिली. "भावजी, हे बोलले होते, ही विनायकला द्यायची." मी घरी येऊन उघडली. आत नमुन्याची पाच पानं होती. तुझी प्रत. ती मी कशी विसरलो होतो कोण जाणे. माझी दोन पानं मी फाडली, आणि तुझ्याकडे पाचही तशीच्या तशी होती, माझ्या अक्षरात. चौथ्या पानावर पिवळी चिठ्ठी होती.

खुलासा करावा.

खाली तारीख. अक्षर उजवीकडे झुकलेलं. तुझं निदान झालं त्याच आठवड्यातली तारीख होती. चिठ्ठीवर माझं नाव नाही, आरोप नाही, उत्तर सुचवलेलं नाही. तुझ्या नियमात बसणारी, पुरती निर्दोष चिठ्ठी.

तू विजय नगरला जाऊन आला होतास, बहुधा नेहा मॅडम नसताना. आपला जुना एक्स-रे गेला कुठे, हे तू शोधणार नाहीस तर कोण शोधेल? आणि तिथे तुला काय दिसलं असेल तेही मला कळलं, कारण नेहा मॅडमना तूच शिकवलं होतंस, कारण लिहिल्याशिवाय काही खोडायचं नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'विनायक सर यांच्या फोनवरून. नमुना.'

पाच महिने, प्रभाकर. पाच महिने तुला माहीत होतं आणि तू माझ्या भाताला नावं ठेवत होतास.

आता कालचं सांगतो. मी काउंटरपाशी गेलो. नेहा मॅडमना म्हटलं, हे दोन प्रभाकर एक करा, आणि श्रावणातला तो खोडलेला एक्स-रे परत आणून खऱ्याच्या फाइलला लावा. त्यांनी खूप वेळ शोधलं. सापडला. मग पडद्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले, कारण कारणाच्या जागी त्यांचेच शब्द होते. मी म्हटलं, "मॅडम, आपकी गलती नहीं है. मैंने बोला था."

"सर, अब कारण क्या लिखूँ?"

"लिहा, रिपोर्ट खरा होता. चूक विनायकची."

त्यांनी टाइप केलं. बटण दाबलं. वरचा प्रभाकर यादीतून गेला, हिरव्या ठिपक्यासकट. खालचा राहिला. मी पायऱ्या उतरून बाहेर उन्हात आलो, आणि फोन वाजला. सुमनवहिनी होत्या. आवाज कसातरी झाला होता.

"भावजी, तुम्ही कुठं आहात? ह्यांचा फोन... मी फोटोपाशी ठेवला आहे ना, चार्ज करून. तो आत्ता वाजला. मेसेज आलाय."

"काय आहे?"

"लिहिलंय, श्री. प्रभाकर गद्रे, आपला एक्स-रे रिपोर्ट तयार आहे." त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. "भावजी, हे काय आहे हो? मला भीती वाटते."

रिपोर्ट योग्य फाइलला लागला की योग्य नंबरवर मेसेज जातो. यंत्र आहे, ते आपलं काम करतं. एवढं मी त्यांना सांगू शकलो असतो. पण मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की तुझ्या फोटोपुढे तुझा फोन उजळला आहे, आणि जे वाक्य मी तुझ्यापासून अडवलं ते शेवटी तुझ्यापर्यंत पोचलं आहे.

मी म्हटलं, "वहिनी, तो पुसू नका. मी उद्या येतो. एक कागद घेऊन येतो, तो वाचा. मग मला घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

पलीकडून घड्याळाचा आवाज येत होता, तुमच्या हॉलमधल्या.

"कागद?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तो का? हे जायच्या आधी बोलले होते, विनायककडून एक कागद यायचाय. येईल तेव्हा येऊ दे, मागायचा नाही. आला की निळ्या फाइलीत लावायचा आणि फाइल बंद करायची. मला वाटलं, तापात बोलत आहेत."

तर हा तो कागद आहे. मंडळाकडे जाईल की नाही ते वहिनींच्या हातात. निळी फाइल आणि तुझ्याकडची पाचही पानं पिशवीत घेतली आहेत. पिवळी चिठ्ठी तशीच ठेवली आहे, खुलासा मिळाल्यावर ती काढायची असते, पण ते काम तुझं होतं.

चौथ्या पानावरचा एक्स-रे नमुन्याचा नव्हता, प्रभाकर गद्रे यांचा होता. तो मी काढायला लावला. पुढे चार महिन्यांनी मला ते कळलं, आणि मी तीन महिने सांगितलं नाही. सर्टिफिकेटवरची शेवटची ओळ रिकामी राहिली आहे, तिचं उत्तर मला माहीत आहे.

लेखी देत आहे.

विनायक